बाकावरची जागा

खैरुनबी शिलाईकाम करायच्या. एका दुपारी मशीन बंद करून त्या पेठेतल्या वाचनालयात आल्या, एक जाडजूड कादंबरी घेतली आणि पेपर वाचणाऱ्या पुरुषांच्या बाकावर जाऊन बसल्या.

"पुस्तक घरी न्या, भाभी," ग्रंथपाल बाळासो म्हणाले. "बायकांनी हितं बसायची पद्धत न्हाई."

"तसा नियम कुठं लिवलाय, दावा. त्योबी वाचते."

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी बाकावरची मोकळी जागा जुन्या मासिकांनी भरून टाकली. खैरुनबी जमिनीवर मांडी घालून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. घाम पुसत त्यांनी चाळीस पानं वाचली.

चौथ्या दिवशी एक बाई आत आली. तिनं कपाटातून पुस्तक काढलं आणि ती खैरुनबींच्या शेजारी जमिनीवर बसली. बाळासो ताडकन उठले.

"अगं, तू हितं? सांगितलं असतंस तर मी घरी आणलं असतं की पुस्तक!"

"घरी पुस्तक उघडलं की तुम्ही च्या मागता," त्यांची बायको मान वर न करता म्हणाली.