गाडी धावेल तेवढं

इंजिनाच्या टायमिंग बेल्टला चिरा पडल्यात, हे शरयूलाही दिसत होतं. तरी गॅरेजवाले इस्माईलभाई म्हणाले, "वहिनी, बदलायला नको. गाडी धावेल तेवढं हा पुरेल."

गाडी आणखी किती धावेल ते सांगणारं त्यांचं यंत्र कधीच चुकत नसे.

"अहो, आम्ही लेकराला घेऊन आत्ता आंबोलीला निघालोय!"

भाईंनी यंत्राचा पडदा हातानं झाकला. शरयूनं मागं वळून पाहिलं. आवारात धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांना लिंबू-मिरच्या तशाच लटकत होत्या.

"यांच्या मालकांनाही हेच सांगितलंत?"

"हो. काहीजण घाबरून चावी इथंच ठेवून एसटीनं गेले."

"आणि बाकीच्या गाड्या?"

"त्या ओढून आणल्या."

तेवढ्यात बाहेरून नवरा ओरडला, "चिनूला घेऊन पेट्रोल भरून येतो गं!" आणि गाडी सुरू झाली.