उतारावरचा थांबा

करुणाच्या डंपरमधल्या पडद्यावर एकच शब्द उमटला.

थांबा.

वणीजवळच्या या कोळसा खाणीत गाड्यांच्या फेऱ्या संगणक आखू लागल्यापासून कुणी कुणासाठी खोळंबलंच नव्हतं. कोण कुठे वळणार, कुणी वेग कमी करायचा, सगळं तो आधीच हिशेबात धरायचा. मग आज थांबा कशाला? खाली खाणीची भिंत खचली असणार. आणि खाली देवानंद होता, तिचा नवरा.

"खाली काय झालं?" ती रेडिओवर ओरडली. "माझा माणूस आहे तिथं!"

"मार्ग मोकळा आहे. थांबा," संगणकाचा शांत आवाज आला.

ती दार उघडून उतरणार, तोच धुळीतून देवानंदचा डंपर वर चढला आणि बरोबर तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"काहून रडून राहिली वो?" त्याने विचारलं.

"धूळ गेली डोळ्यात. तुम्ही बरे आहा ना?"

"मले काय झालं? मलेही थांबवलं. काहून म्हणून विचारलं, तर कंप्युटर म्हणते, एकटे ड्रायव्हर दुपारी पेंगतात अन् गाडी कड्याकडे जाते. मधात घडीभर बोलले तर पेंगत नाहीत. आजपासून तेही हिशेबात घेतलं म्हणे."

"एवढी हुशार मशीन, अन् एवढं कळायला इतकी वर्षं लागली!" करुणा डोळे पुसत हसली.

हिरवा दिवा लागला. दोघांचं बोलणं काही संपेना. मागच्या डंपरवाल्याने भोंगा वाजवला.

"वहिनी, घरी नाही का बोलत तुम्ही?"

"घरी हे झोपून जातात!" करुणा ओरडली आणि तिने गिअर टाकला.