एनेइदाचा फ्रिज

वीज कंपनीच्या कचेरीचं काचेचं दार फ्रिजच्या मानाने अरुंद होतं. शेजारच्या विल्फ्रिदोने आपल्या तीनचाकीवरून तो उतरवला, आधी सरळ ढकलून पाहिला, मग तिरका. शेवटी एनेइदा चार्रीसने मागून खांदा लावला, तेव्हा कुठे तो आत सरकला. रांगेतल्या माणसांनी वाट दिली. त्यांना वाटलं, कंपनीनेच मागवला असेल.

एनेइदाने भिंतीवर नजर फिरवली. कुंडीमागे एक प्लग मोकळा होता. तिने कुंडी पायाने सरकवली, वायर खुपसली. फ्रिज दोनदा खोकला आणि घुरघुरायला लागला.

"मावशी, हे काय?" तीन नंबरच्या खिडकीतली मुलगी उठून उभी राहिली.

"फ्रिज. ओळखलं नाहीस? गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस ना, तुमचा फ्रिज म्हातारा झालाय, सगळी वीज तोच खातो? तर आता महिनाभर तुम्ही पोसा त्याला. माझ्या घरी दोन पंखे आणि तीन दिवे उरलेत. बघू बिल किती येतं ते."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. एनेइदा हसली नाही. तिच्या हातातलं बिल घामाने मऊ पडलं होतं. नेहमीच्या तिप्पट. पहिल्यांदा तसं आलं तेव्हा तिने भर दुपारी पंखे बंद ठेवले होते. उबाल्दो, तिचा नवरा, खाटेवर पडून पुठ्ठ्याने वारा घेत राहिला. एक महिना दोघं उकडून निघाली, आणि पुढचं बिल त्याहून मोठं आलं.

सुरक्षारक्षक प्लगकडे वाकला.

"हात लावायचा नाही," एनेइदा म्हणाली. "वरच्या कप्प्यात माझ्या नवऱ्याचं इन्सुलिन आहे. नासलं तर तू आणून देणारेस?"

रक्षकाचा हात तिथेच थांबला. तो मागे झाला आणि दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

आतल्या खोलीतून साहेब आले. थंड हवेच्या बोगोताहून बदली होऊन दोनच महिने झाले होते, अंगावरचा कोट अजून उतरला नव्हता. त्या खोलीत तो चालतही होता. दार उघडल्याबरोबर गार हवेचा झोत बाहेर आला.

"बाई, आधी ते काढा. परवानगीशिवाय कंपनीची वीज वापरणं म्हणजे चोरी आहे."

रांगेच्या शेपटापासून हसू सुरू झालं आणि खिडक्यांपर्यंत आलं. तीन नंबरच्या मुलीने तोंडावर फाइल धरली.

"चोरी?" एनेइदाचा आवाज चिरकला. "साहेब, मीटर माझ्या परसात आहे. त्याच्याखाली माझा कुत्रा बांधलेला असतो. मे महिन्यापासून तो कोणाला चावलेला नाही. मग तुमच्या माणसाने आकडा वाचला कुठून? स्वप्नात?"

"प्रत्यक्ष वाचता आलं नाही तर सरासरी धरतात."

"कोणाची? माझ्या पंख्याची, की तुमच्या त्या खोलीची?"

साहेबांनी मागे हात नेऊन दार ओढून घेतलं. "तुम्ही अर्ज द्या. पंधरा दिवसांत तपासायला माणूस येईल."

"तीन अर्ज दिलेत. तपासायला माणूस मिळत नाही. पण शुक्रवारी वीज तोडायला तो बरोबर हजर होणार! तेव्हा पत्ता सापडतो, कुत्र्याचीही भीती वाटत नाही."

"बरोबर बोलली!" रांगेतून एक जाडी बाई ओरडली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आत्ता पाठवतो. तुम्ही फ्रिज काढा."

"आधी माणूस जाऊ दे. फ्रिज कुठे पळून जातोय?"

मीटर वाचणारा माणूस विल्फ्रिदोच्याच तीनचाकीत बसून गेला. एनेइदा फ्रिजला टेकून उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. तिच्या भोवतीची माणसं आपापली बिलं उघडून एकमेकांना दाखवायला लागली. मग हळूहळू एकेक जण बाहेर पडला. तिला वाटलं, कंटाळले बिचारे.

पाऊण तासाने मीटरवाला परतला. साहेबांच्या कानाशी लागणार, तेवढ्यात एनेइदा म्हणाली, "मोठ्याने सांग बाबा."

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. "बिलावर जो आकडा लिहिलाय..." त्याने घसा साफ केला. "तिथपर्यंत मीटर अजून पोचलेलंच नाही. याच वापराने जायला आणखी पाच महिने लागतील."

साहेबांनी चिठ्ठी घेतली, घडी घातली. "चूक होते कधीकधी. बिल दुरुस्त करून देतील. आता फ्रिज न्या."

माफीचा शब्द नाही. एनेइदा थोडी थांबली, कदाचित त्याचीच वाट पाहत. मग वाकून तिने प्लग उपसला. घुरघुर थांबली.

त्या शांततेत दार उघडलं. मघाशी रांगेत असलेला न्हावी आत आला, खांद्यावर उभा पंखा घेऊन. त्याच्यामागे ती जाडी बाई, काखेत इस्त्री. तिच्यामागे दोघं जण एक धुलाई यंत्र उचलून आणत होते, आणि रक्षकाने दार त्यांच्यासाठी धरून ठेवलं होतं.

"साहेब," न्हाव्याने विचारलं, "तो प्लग रिकामा झाला का?"