कॉलरचा माईक

"गिऱ्हाईक आलंय वाटतं," असं म्हणत काका घाईघाईने उठले आणि पुढच्या काउंटरकडे गेले. त्यांच्या कॉलरचा माईक काढायचा राहूनच गेला.

दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, ठकू कॅमेरा बंद करून डोक्याला हात लावून बसली. अकरावीला तिने माध्यमं हा विषय घेतला तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. काकांनी नाक मुरडलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. अर्जावर सही केली आणि पुन्हा चष्मे पुसायला लागले. आईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ठकू लहान होती. तेव्हापासून ते तिच्याशी असंच मोजूनमापून बोलत. आपण या माणसाच्या संसारात आईबरोबर आलेलं सामान आहोत, असं तिला आतून वाटायचं. विचारायची हिंमत मात्र कधी झाली नव्हती.

उद्या प्रात्यक्षिकाची फिल्म द्यायची होती. विषय होता, 'माझ्या घरातला माणूस'. तिने काकांना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि काकांनी सगळ्यांना "हं" नाहीतर "बरं" एवढंच उत्तर दिलं. डोळे तपासायला बसलेला माणूसही तक्त्यावरची अक्षरं वाचताना यापेक्षा जास्त बोलतो.

ती आवाजाचा रेकॉर्डर थांबवून हेडफोन काढणार, तेवढ्यात कानात काकांचा आवाज आला.

"अहो, असला कसला विषय म्हणून काय विचारता? परवा बातम्या बघताना मला म्हणाली, काका, बोलणारा दिसतोय, पण त्याला प्रश्न विचारणारा का दाखवत नाहीत? तेव्हापासून मला बातम्या धड बघता येत नाहीत! भारी डोकं आहे पोरीचं."

ठकूने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. समोरच्याचा आवाज येत नव्हता. कॉलरचा माईक ज्याच्या कॉलरला असतो त्याचंच बोलणं नीट पकडतो, हे वर्गात शिकवलं होतं.

"लोक म्हणतात, मी तिला सांभाळलं. उलट आहे हो. मी एकटा माणूस. दुकान बंद करायची वेळ झाली की जिवावर यायचं. ती आली आणि मला घरी जायची ओढ लागली. माझीच लेक आहे ती. तिचे उपकार आहेत माझ्यावर. पण हे तिला सांगणार कसं?"

ठकूला रडू कोसळलं. इतकी वर्षं उगाच जीव जाळला होता तिने. त्या न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचे पाय धरावेत असं तिला वाटलं. त्याने खोदून विचारलं नसतं, तर हे शब्द तिला जन्मात ऐकायला मिळाले नसते.

फिल्मही झाली होती. अडचण होती ती माध्यमं शिकवणाऱ्या मॅडमच्या नियमाची. नकळत रेकॉर्ड झालेलं काहीही वापरायचं नाही, आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येकाची परवानगी घ्यायची. गुपचूप वापरलं असतं तर मॅडमना पत्ताही लागला नसता. खरं सांगितलं तर काका ओशाळणार, आणि तोंडाला कुलूप लावणार, कदाचित कायमचं.

डोळे पुसून ती पुढे गेली. काका एकटेच एक फ्रेम पुसत उभे होते.

"काका, चुकलं माझं. माईक चालूच राहिला. मी सगळं ऐकलं. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसून टाकते."

काकांनी मान वर केली नाही. नुसतं कॉलरकडे बोट दाखवलं. "दिवा लागलेला होता की त्याचा. चष्म्याचा धंदा आहे माझा, तेवढं दिसतं मला. राहू दे. पुसू नकोस."

हसावं की रडावं, तिला कळेना. "पण मग त्या गिऱ्हाइकालाही विचारायला हवं. गेले का ते? आभारही मानायचेत मला त्यांचे."

काकांनी फ्रेम खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं.

"कुणाचे मानणार?" ते म्हणाले. "दुपारपासून दुकानात कुणी फिरकलेलंच नाही, बाळा."