विचारेल त्याला

दाराची कडी तुटली आणि चौघं आत आले. पुढच्याच्या हातात सायकलची साखळी होती. शेवटच्याला मालन ओळखत होती. बन्सीधर. याच खोलीत तो तिच्याकडे संगणक शिकला होता. आता धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानात संगणकावर बसायचा.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला, "नुसतं विचारायचंय."

"काय?"

"सिताराम मास्तर कुटं हाय ते," साखळीवाला म्हणाला.

"व्यंकटराव, मी बोलतो ना..."

"तू गप."

विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी सितारामची दलित वस्ती जळाली होती. पेटवणाऱ्यांची नावं त्याने पोलिसांना सांगितली होती. तेव्हापासून तो लपून होता.

"मला माहीत नाही," मालन म्हणाली. ते खरं होतं.

माहीत असलंच तर ते संगणकाला. वस्तीतली माणसं पांगली तेव्हा तिने तो टेलिफोनच्या तारेला जोडला होता. सेलूहून, नांदेडहून ओळखीचे डॉक्टर, प्राध्यापक आपापल्या संगणकावरून इथे फोन लावत. सापडलेल्या माणसाचा ठिकाणा भरत, हरवलेल्याचा विचारत. मालन स्वतः आत काय भरलंय ते कधी बघत नसे. सेलूच्या डॉक्टर केशरबाई म्हणाल्या होत्या, परवलीचा शब्द ठेव. तिने ठेवला नव्हता. धापा टाकत आलेल्या माणसाला आणखी कशाला अडवायचं?

"बाईला ठाव न्हाई अन् बन्सी म्हनतो, डब्याला ठाव," व्यंकटराव हसला. "बस रे बन्सी. इचार त्याला."

बन्सीधर बसला. त्याची बोटं अजूनही तिने शिकवली तशीच चालत होती. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. नाव पुरं झालं. उत्तर यायला एका श्वासाएवढा वेळ लागे.

मालनने लोखंडी स्टूल उचललं आणि पडद्यावर घातलं.

मोठा आवाज झाला. काचा उडाल्या. बन्सीधर गाल धरून मागे सरकला. बोटांतून रक्त आलं. जळका वास खोलीभर पसरला.

"हिच्या मायला, फोडला की रे!"

साखळी मालनच्या कानामागे बसली. ती पडली. कोणीतरी केसांना धरून तिला वर ओढलं, तिचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. व्यंकटरावने तेच स्टूल उचललं.

"कुटं हाय?"

"माहीत नाही."

पहिल्या घावाला दोन बोटं मोडली. तो आवाज तिला दुखण्याच्या आधी ऐकू आला.

"कुटं हाय?"

तिने मान हलवली. दुसऱ्या घावाला ती ओरडली. तिसऱ्याला ओरडता आलं नाही.

"खरंच ठाव नसंल हिला," हात धरणारा म्हणाला. "मरंल ही. सोडा आता."

त्याने हात सोडला. मालन जमिनीवर घसरली. व्यंकटरावने फुटक्या पडद्याला लाथ घातली. तो खाली पडला.

"मेला डबा. लय शिकलेली ना? सोताच्या हातानं मारला."

मालनचा गाल फरशीवर होता. तिथून टेबलाखालची पत्र्याची पेटी दिसत होती. तिच्यावरचा हिरवा दिवा चालू होता. आतला पंखा बारीक घुमत होता. पडदा म्हणजे संगणक नव्हे, तो नुसता बघायला असतो, हे तिने वर्गाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

बन्सीधरच्या हातून गालाला लावलेला रुमाल पडला. तो उचलायला वाकला. त्याने दिवा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"मेला का रे?" व्यंकटरावने विचारलं.

"व्हय," बन्सीधर म्हणाला. "मेला. चला."

दारात तो थबकला. "मॅडम, हाताला गार पाणी लावा."

चपलांचे आवाज जिन्यावरून उतरले. मोंढा तिथून लांब नव्हता, आणि बन्सीधरच्या दुकानातला संगणकही टेलिफोनच्या तारेला जोडलेला होता.

दिवेलागण झाली. या वेळेला केशरबाई सेलूहून फोन लावत. सितारामची बायको रुख्मिणी रोज त्यांच्या दवाखान्यात येऊन बसायची. कालपर्यंत तिला 'ठिकाणा नाही' एवढंच उत्तर मिळत होतं.

फोन वाजला.

तिसऱ्या घंटीला पेटी आपणहून फोन घ्यायची. उठून आधी मालनने तो घेतला असता, तरी कोण आहे, केशरबाई की बन्सीधर, ते तिला कळलं नसतं. पलीकडेही माणूस नसे, पेटीच असे.

दुसरी घंटी वाजली.

मालनने फरशीवरून पाय पुढे सरकवला. अंगठ्याला भिंतीवरचं, जमिनीलगतचं पेटीचं बटण लागलं. तिने डोळे मिटले आणि ते दाबलं.

पंखा थांबला. हिरवा दिवा विझला.

घंटी वाजून वाजून बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा वाजू लागली.