नदीचा मासा

सकाळी साडेनऊला यंत्राने आलेख दिला. माशांच्या तेलातली मेदाम्लं मोजणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिने या वेळी घरचाच नमुना लावला होता. तिचे वडील, अण्णा, नदीत धरलेला मासा दर महिन्याला बर्फात घालून पाठवत, त्यातलाच एक.

"लिनोलिक आम्ल तिप्पट!" सहकारी हसला. "हा कसला नदीचा? सोयाबीनची पेंड खाऊन तळ्यात पोसलेला आहे. मासेमाराची लेक ना तुम्ही?"

तिने घरी फोन लावला.

"अण्णा, मासा कुठला?"

"कुठला म्हणजे? नदीचा. परवा पहाटे मीच जाळं टाकलं."

"तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

मागून आईचा आवाज आला, "अहो, काठी धरल्याशिवाय उठू नका."

"आई कुणाला म्हणतेय?"

"मांजराला."

"मांजराला अहो?"

पलीकडे अण्णा खोकले.

"मी उद्या येते."

"उद्या नको," दर फोनला 'कधी येतेस?' विचारणारे अण्णा म्हणाले. "उद्या मी पाण्यावर असेन."

दुपारी चारच्या आत तिचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला होता.