शिंप्याची नजर

"अहो, निदान एकदा बघा तरी!" बायको काकुळतीला आली होती. शिंपीदादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची नवी वाट काढून दिली होती आणि तिच्यावर पिशवी चिकटवली होती. उद्या घरी जायचं होतं. पिशवी बदलायला शिकल्याशिवाय सिस्टर सोडायला तयार नव्हत्या आणि दादा तर तिकडे ढुंकूनही बघत नव्हते. दुकानाला कायमचं कुलूप लावायचं, एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"दर गुरुवारी शिकवायला एकजण येतात. हे काय, आलेच," सिस्टर म्हणाल्या.

दारात गणिताचे मास्तर उभे होते. दादांचं जुनं गिऱ्हाईक. पँटची कंबर बेंबीच्या वर आणि पट्ट्याऐवजी खांद्यांवरून गॅलिस, हा त्यांचा हट्ट कधी सुटला नव्हता. दुकानात सगळे त्या फॅशनला हसायचे, दादा सर्वांत जास्त. आज मात्र दादांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, मला काही शिकवू नका. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याच्या खिशात रुमाल आहे की चष्मा, ते मी लांबून सांगतो. मला एवढं दिसतं, मग ही पिशवी लोकांना दिसायची राहील?"

"तुमच्या नजरेतून काहीच सुटत नाही म्हणता?"

"काहीच नाही."

मास्तरांनी शर्टावरूनच आपल्या पोटाची डावी बाजू हलकेच थोपटली. "अकरा वर्षं माझ्या कमरेचं माप कोण घेतंय, दादा?"

दादांची नजर बेंबीच्या वरच्या त्या कमरेवर आणि गॅलिसवर गेली. मग त्यांना हसू फुटलं. टाके ओढले गेले, डोळे भरून आले, तरी ते थांबेना. सहा दिवस छातीवर बसलेला धोंडा एकदाचा उतरला होता. बायको मटकन खुर्चीत बसली आणि तीही हसायला लागली.

सिस्टरांनी नव्या पिशवीच्या चिकट चकतीला पोटावरच्या वाटेच्या मापाचं भोक कापायला घेतलं. दादा चादर बाजूला सारून उठून बसले. त्यांनी आधी आपल्या पोटाकडे नीट बघितलं, मग चकतीकडे.

"द्या ती कात्री इकडे," ते म्हणाले. "दोन सूत सैल कापताय तुम्ही."